अंगणात मांडलेला गॅस

आमच्या वऱ्हाडात शेतात रोडग्यांचा बेत असला की रांधायला पुरुषच. कणकेचे जाडजूड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी ढवळायची, आणि बायकांनी झाडाखाली बसून आयतं जेवायचं. आमचे हे त्यातले उस्ताद. शेंदूरजनाघाटला त्यांच्या संत्र्याच्या बागेत पंगत असली की भाजीला हात लावायची दुसऱ्या कुणाची टाप नसे. अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी, हाच माणूस पाण्याचा पेलासुद्धा बसल्या जागी मागायचा.

मला अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी लागली आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाचा प्रश्न उभा राहिला. रोज रेल्वेनं जाऊन-येऊन मला घरी पोचायला अंधार पडणार होता. सासूबाईंचे गुडघे त्यांना ओट्यापाशी उभं राहू देईनात. ह्यांचा फळांचा व्यापार दुपारीच आटोपायचा, पण ह्यांचं नाव कुणी घेईना.

"नोकरी सोड," सासूबाई म्हणाल्या. "गड्यामान्सानं सैपाकघरात जाऊ नाई."

"मंग शेतात कावून रांधतात?"

"थे बाहेर असते."

माझं डोकंच फिरलं. एवढी शिकले ती काय उंबऱ्याच्या आतबाहेर करायला? रविवारी मी शेगडी, सिलिंडर, परात, पोळपाट सगळं ओढत मागच्या अंगणात नेलं आणि ह्यांना हाक मारली.

"घ्या. आता हे बाहेर हाये. उद्यापासून मी कॉलेजात जाऊन राह्यली."

"लय जिद्दी हायेस तू," हे म्हणाले, आणि शेगडी वाऱ्याच्या आडोशाला सरकवली. तिथंच मी ओळखलं, गडी कामाला लागला.

सोमवारी परतले तर गल्लीच्या तोंडाशीच वांग्याच्या भाजीचा घमघमाट. आम्ही घरात तिघं, पण ह्यांना पंगतीशिवाय दुसरा अंदाजच नव्हता. गंजभर भाजी. शेजारचे पुरुष भोवती उकिडवे बसून मिठातिखटाचे सल्ले देत होते. अंगणात कुणाला लाज वाटत नव्हती. त्यांच्या बायका कुंपणापलीकडून बघत होत्या आणि मी, खरं सांगते, निवडणूक जिंकल्यासारखी त्यांच्याकडे बघून हसत होते. त्या दिवशी अख्ख्या गल्लीनं आमचीच भाजी खाल्ली.

ऊन तापायला लागलं तशी ह्यांनी शेगडी स्वतःच उचलून आत ओट्यावर ठेवली. सासूबाईंनी पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. तोवर ह्यांचा हातही तिघांपुरता बसला होता.

एका संध्याकाळी मी घरात शिरले तेव्हा सासूबाई पाटावर जेवत होत्या. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवलेली ही बाई. हे तव्यावरची पोळी थेट त्यांच्या ताटात टाकत होते आणि त्या फुंकर घालून तुकडा मोडत होत्या. मी हातपाय धुऊन जवळ बसले. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "नोकरी पक्की झाली का तुयी?"

"व्हायची हाये अजून."

"सोडू नको. माह्या ताटात गरम पोयी आत्ता कुठं पडून राह्यली."