खोर फक्कानच्या मधमाश्या

दुबईच्या करामा भागातल्या त्या इमारतीत डॉक्टर कोणी राहत नव्हता, पण अनुराधाताई राहत होत्या, आणि बायकांना तेवढं पुरत होतं. ताई इंडियन शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. पोराला ताप आला की बाई औषधाची बाटली घेऊन आधी ताईंचं दार वाजवायची. ताई चष्मा लावून लेबलावरची बारीक अक्षरं वाचत आणि सांगत, "जेवणानंतर द्यायचं. आणि कोर्स पूर्ण करायचा. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद नाही." ताईंनी सांगितलं म्हणजे झालं, असं सगळ्या धरून चालत.

या लौकिकाला एक धारही होती, हे खालच्या मजल्यावरच्या शोभनाला ठाऊक होतं. तिच्या अस्मीला दमा. एकदा शोभनाच्या दिरानं गावाकडच्या वैद्याची पुडी आणली. शोभनानं ती ताईंना दाखवायला नेली, तेव्हा तिथे आणखी दोघी-तिघी चहाला बसल्या होत्या. ताईंनी पुडीचा वास घेतला, ती बेसिनमध्ये रिकामी केली आणि वर नळ सोडला.

"उद्या पोरगी निळी पडली तर तुझा वैद्य विमानानं येणार आहे का?"

सगळ्या हसल्या. शोभनाही हसली. ताईंचं म्हणणं खरंच होतं, त्यामुळे आपण काही चुकीचं वागलो असं त्यांना वाटायचं कारणच नव्हतं.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात ताई अमेरिकेला भावाकडे गेल्या. त्याच्या घरामागे गवत होतं आणि गवताला लागून झाडी. तिथे त्यांच्या पोटरीला गोचीड चावली. अंगावर लाल वर्तुळ उठलं, ताप आला, तिथल्या डॉक्टरनं लाइम नावाचा आजार सांगून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, वर्तुळ गेलं, ताई दुबईला परत आल्या. राजाभाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, गमतीनं म्हणाले, "गोचीड आपल्याकडे गुरांना चावते. तुला चावायला अमेरिकेपर्यंत जावं लागलं."

पुढच्या वर्षभरात ही गंमत संपली. आज गुडघा दुखे, उद्या मनगट. जिना चढताना ताई मधल्या पायरीवर थांबत आणि पर्समध्ये काही शोधल्यासारखं करत. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या असताना रोजचे शब्द सापडेनात. मुलं कुजबुजायची, "मॅम फर्गॉट अगेन." शेवटी त्यांनी नोकरी सोडली. राजाभाऊंनी महाराष्ट्र मंडळात सांगितलं की हिला आता घराकडे लक्ष द्यायचंय.

डॉक्टर झाले. सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरनं पुन्हा महिनाभर अँटिबायोटिक्स दिली आणि नंतर हात झटकले. दुसरा जरा वयस्कर होता, तो रिपोर्टची फाईल मिटत प्रेमानं म्हणाला, "भाभीजी, घर में मन लगाइए." आपण ढोंग करतोय की काय, अशी शंका त्यांना स्वतःलाच येऊ लागली होती.

मग होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या झाल्या, केरळी वैद्याचं तेल झालं. आणि मग राजाभाऊंच्या ऑफिसातल्या कोणीतरी खोर फक्कान या समुद्रकाठच्या गावातल्या नूरुद्दीनचं नाव सांगितलं. नूरुद्दीन डोंगराच्या पायथ्याशी मध विकायचा. दुकानामागे मधमाश्यांच्या पेट्या होत्या. सांधे दुखणाऱ्या बायकांना त्याची बायको मरियमबी पडद्याआड बसवायची, चिमट्यात एकेक माशी धरून पाठीवर टेकवायची आणि तिला डंख मारू द्यायची. ताईंनी हे ऐकलं आणि हसल्या. सुट्टीचे दोन शुक्रवार गेल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "जाऊन तरी बघू."

शेजाऱ्यांनी विचारलं तर समुद्रावर जातो म्हणून सांगायचं ठरलं. राजाभाऊ दुकानापासून जरा लांब गाडी उभी करत आणि पेपर उघडून बसत. नूरुद्दीननं चहाला बोलावलं तरी उतरत नसत. आत ताई भिंतीकडे तोंड करून बसत. डंखाची आग व्हायची, पाठ सुजायची, आणि दोन दिवस जरा मोकळं वाटल्यासारखं व्हायचं. ते माशीचं विष होतं, का दुसऱ्या दुखण्यानं पहिलं झाकलं जात होतं, हे ताईंना सांगता आलं नसतं. विद्यार्थ्यानं असा पुरावा आणला असता तर त्यांनी त्याला शून्य दिलं असतं. म्हणून त्यांनी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही.

एका शुक्रवारी पडदा बाजूला झाला आणि समोर शोभना उभी. सहकुटुंब बीचवर आली होती, अस्मीच्या खोकल्यासाठी मध घ्यायला आत शिरली आणि चुकून पडदा सारला. ताईंची पाठ उघडी होती आणि मरियमबीच्या चिमट्यात माशी होती. शोभना "सॉरी ताई" एवढंच पुटपुटली आणि पडदा नीट ओढून निघून गेली.

ताईंना वाटलं, आता इमारतभर होणार. पण आठवडे गेले, कोणी काही बोललं नाही. शोभना जिन्यात भेटली की पूर्वीपेक्षा जास्तच अदबीनं बाजूला व्हायची. त्या अदबीनं ताईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. टोमणा मारला असता तर बरं, असं वाटायचं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी इमारतीतल्याच हेमाकडे हळदीकुंकू होतं. हॉलमध्ये बायका दाटीनं बसल्या होत्या. अस्मी कोपऱ्यात तिळाची वडी खात होती आणि तिच्या छातीतली बारीक शिट्टी ताईंच्या कानाला लागली. त्यांनी शोभनाला स्वयंपाकघरात गाठलं आणि अस्मीचा दम्याचा पंप कुठे आहे म्हणून विचारलं.

"बंद केलाय," शोभना हळूच म्हणाली. "पुढच्या शुक्रवारी हिला मरियमबीकडे नेतोय. आधी अंगातलं औषध उतरू दे म्हटलं."

"कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणी कशाला सांगायला हवं? तुम्ही जाता ना." शोभनाचा चेहरा अगदी उजळला होता. "मी ह्यांना म्हटलं, ताई कुठलीही गोष्ट आधी स्वतःवर करून बघतात, मगच सांगतात. मी कुण्णाला बोलले नाही हं. फक्त हेमाला. तिच्या सासऱ्यांचे गुडघे आहेत ना, तेपण येतायत."

ताईंनी ओट्याची कड धरली. दमेकरी पोरीला माशीचा डंख म्हणजे काय होऊ शकतं, हे त्यांना पुस्तकाचं पान समोर धरल्यासारखं दिसत होतं. त्यांनी ते सांगितलं. श्वासनलिका सुजते, खोर फक्कानहून हॉस्पिटल गाठेपर्यंत वेळ राहत नाही, सगळं सांगितलं. शोभना ऐकत होती, मान हलवत होती आणि तिचा विश्वास बसत नव्हता.

"पण ताई, तुम्हाला गुण आला असेल म्हणूनच जाता ना?"

आता फक्त हो किंवा नाही म्हणायचं होतं. बाहेर हेमा अत्तर लावत होती, तिनं दारातून विचारलं, काय चाललंय दोघींचं. ताई हॉलमध्ये आल्या. वर्गात बोलायच्या त्याच आवाजात सुरुवात करायला गेल्या, पण तो आवाज आला नाही.

"मी खोर फक्कानला मधमाश्यांचे डंख घेते," त्या म्हणाल्या. "सहा महिने झाले. मला गुण आलेला नाही. अस्मीला किंवा हेमाच्या सासऱ्यांना तिथे नेऊ नका. अस्मीच्या तर जिवावर बेतेल."

हेमाच्या हातात अत्तरदाणी तशीच राहिली. मग शोभनानं विचारलं, आणि तिच्या आवाजात जराही टोचणी नव्हती, "मग तुम्ही का जाता, ताई?"

ताईंना पुष्कळ उत्तरं देता आली असती. त्या म्हणाल्या, "ती बाई दर वेळी विचारते, आज कुठे दुखतंय. मी दाखवते तिथे हात ठेवते. डॉक्टर रिपोर्टकडे बघतात." मग म्हणाल्या, "ते काही औषध नव्हे. कळतंय मला."

एकदोघींनी विषय बदलला. वाणाचे डबे वाटले गेले. संजय, अस्मीचे बाबा, त्याच संध्याकाळी फार्मसीतून नवा पंप घेऊन आले, हे ताईंना गॅलरीतून दिसलं.

त्यानंतर ताईंच्या दारात बाटल्या येणं कमी झालं. कोणी तुटकपणा केला नाही. खिचडी आली, विचारपूस आली, "ताई, काही लागलं तर सांगा" आलं. पण एकदा जिन्यात हेमा औषधाचं खोकं वाचत उभी होती, ताई दिसताच तिनं ते पिशवीत टाकलं आणि हवेबद्दल बोलली.

दोन शुक्रवार ताई घरी राहिल्या. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी त्यांना पलंगावरून उठताच येईना. राजाभाऊंनी काही न विचारता गाडीची किल्ली घेतली. जिन्यात मधल्या पायरीवर ताई थांबल्या, तेव्हा खालून शोभना अस्मीला घेऊन वर येत होती.

"कुठे निघालात, ताई?" तिनं सवयीनं विचारलं, आणि विचारून झाल्यावर जीभ चावली.

राजाभाऊ "समुद्रावर" म्हणायला तोंड उघडत होते.

"मरियमबीकडे," ताई म्हणाल्या.

शोभनानं अस्मीला भिंतीशी घेतलं, वाट दिली आणि ताई उतरून जाईपर्यंत मुलीच्या वेणीची रिबीन नीट करत राहिली. ताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. कठडा धरून त्या एकेक पायरी उतरत गेल्या.