ताईच्या नावाची काळी स्क्रीन

ग्रुपवर बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदाच. आधी सांगतो — आमचं घर बौद्ध. वडील तिसगावला प्राथमिक शिक्षक. भूत, भानामती, अंगात येणं असले शब्द आमच्या घरात चेष्टेलासुद्धा निघायचे नाहीत. माझाही असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आजही नाही... पण जे झालं ते झालं.

१९९८ साल. नगरला सावेडीत एका बंगल्याच्या तळमजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. शिकवणं चालायचंच, शिवाय प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका टाईप करून द्यायचो. हे टायपिंग माझी मोठी बहीण करायची. सुजाताताई. लग्न केलं नव्हतं. आधी एका ऑफिसात टायपिस्ट होती. बोटं अशी चालायची की बघत राहावं. पण तिला डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं, दृष्टी हळूहळू कमी होत जाणार, औषध नाही. कागदावरच्या चुका दिसेनात, तशी नोकरी गेली. घरी बसली. मग बोलणंच बंद केलं तिने. आईला भीती वाटायची, ही जिवाचं काही बरंवाईट तर करून घेणार नाही ना.

तेव्हा मी तिला क्लासवर आणलं. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये व्हीलचेअरचं एक चित्र असतं, अपंगांसाठीच्या सोयींचं. कोणी कधी उघडत नाही. मी उघडलं. मागचा रंग काळा, अक्षरं पांढरी आणि मोठी केली. ताई स्क्रीनजवळ तोंड नेऊन बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मिलिंद, हे दिसतंय रे मला."

विद्यार्थ्यांना अडचण नको म्हणून तिच्या नावाचं वेगळं लॉगिन केलं. तिच्या नावाने मशीन उघडलं की तिची सेटिंग्ज, माझ्या नावाने उघडलं की नेहमीची. ताई पुन्हा बोलायला लागली. संध्याकाळी माझ्यासोबत विहारात वंदनेला येऊ लागली.

दिवाळीच्या सुमारास एकदा दुपारी ती म्हणाली, एवढी अक्षरं कशाला वाढवलीस, एका ओळीत चार शब्द मावेनात. मी हातसुद्धा लावला नव्हता. कोणी पोरांनी चाळा केला असेल म्हणून पूर्ववत केलं, पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मोठी अक्षरं. पुन्हा लहान केली. तेव्हा विषय तिथेच संपला. थंडी संपता संपता ताई स्वतःच म्हणाली, आता हे लहान पडतंय, तेव्हा झालं होतं ना, तेवढं कर.

योगायोग, दुसरं काय... पण थोड्या दिवसांनी तिची पांढरी अक्षरं आपोआप पिवळी झाली. ती म्हणाली, हळदीसारखं काय केलंयस हे? मी पांढरी करून दिली. आणि होळीनंतर पांढरा रंग तिच्या डोळ्यांना टोचायला लागला. पिवळाच तेवढा सोसायचा, त्यातच दिसायचं. आता मात्र मी हादरलो. मशीन दिलेल्या इंजिनिअरला बोलावलं. व्हायरस असेल म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरून दिलं. ताईचं लॉगिन मी पुन्हा केलं, काळ्यावर मोठी पिवळी अक्षरं लावून.

मे महिन्यात, एका रविवारी, भर दुपारी मी तिच्यासाठी मशीन लावलं. तिच्या नावाने उघडलं. विंडोज चालू झाल्याचा आवाज आला, पण स्क्रीन पूर्ण काळी. माझ्या नावाने उघडलं तर सगळं ठीक. सेटिंग्ज चाचपली तेव्हा कळलं... मागचा रंग काळा आणि अक्षरांचाही काळा. मी रंग बदलायचो, मशीन बंद करून लावलं की पुन्हा काळं.

ताई शेजारीच बसलेली. काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं. तिने काळ्या स्क्रीनवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे आता थोडेच दिवस."

दुसऱ्याच दिवशी तिला पुण्याला नेलं. डॉक्टरांनी नीट तपासलं. गेल्या वेळेपेक्षा विशेष फरक नाही, अजून काही वर्षं जातील, असं म्हणाले. परतीच्या एसटीत मी आनंदाने बडबडत होतो. ताई खिडकीला कपाळ टेकवून बाहेर बघत होती. उन्हात तापलेली पडीक रानंसुद्धा ती डोळे भरून बघत होती.

नगरला न थांबता ती तशीच तिसगावला गेली. आईसमोर नुसती बसून राहायची. आई कावरीबावरी व्हायची, म्हणायची, "आशी काय बघतीस गं माज्याकडं? मी काय चाललेय का कुठं?"

पाऊस सुरू झाला होता, पण त्या सकाळी लख्ख ऊन पडलेलं. ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. हात थांबला. आईला म्हणाली, "लाईट गेली का गं?"

आईने तिचा हात धरला. "सकाळ हाय बाई," एवढंच बोलली ती.

डॉक्टर म्हणाले, या आजारात असं एकाएकी सहसा होत नाही. का झालं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी क्लासवर येऊन तिचं लॉगिन उघडलं. हिरवट-निळी साधी स्क्रीन, बारीक काळी अक्षरं, नव्या मशीनवर असतात तशी. त्या नावाच्या माणसाला कधी कसली गरजच पडली नसल्यासारखी.

कॉम्प्युटरवाल्या कितीतरी जणांना विचारलं. फाइल खराब झाली असेल म्हणतात. होते खराब, मलाही माहीत आहे. पण आधी मोठी, मग पिवळी, मग काळी... याच क्रमाने, आणि प्रत्येक वेळी तिचे डोळे बिघडायच्या आधीच?

आई-वडील आता नाहीत. ताई तिसगावलाच असते. बोलणारा मोबाईल नेऊन दिला, तिने तो हातातही घेतला नाही. एकदाच तिच्यापाशी हा विषय काढला. म्हणाली, "सांगणाऱ्याने सांगितलं, ठीक आहे. पण त्या दिवसांत आईकडे बघताना मला तिचा चेहरा धड दिसायचाच नाही रे, डोळ्यांत सारखं पाणी."