मास्टरची सातवी अट

अकरा अटी वाचून दाखवायला तुरुंगाच्या कारकुनाला चार मिनिटं लागली. सातवी अट मास्टरने त्याला पुन्हा वाचायला लावली.

"कोणतंही धारदार हत्यार जवळ बाळगणार नाही की वापरणार नाही," त्याने पुन्हा वाचलं. "यात न समजण्यासारखं काय आहे, बाई?"

"कात्री हत्यारात धरता का?"

कारकुनाने फाइलकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची दोन बोटं मागे सरकवली. "दुसऱ्या कुणाची नसती धरली. तुमची धरावी लागेल."

आता बघा, त्याच तुरुंगाच्या शिवणविभागात चार वर्षं बारा कात्र्या हिच्याच ताब्यात होत्या. सकाळी हिनेच वाटायच्या, संध्याकाळी हिनेच गोळा करायच्या, धार गेली की हिनेच लावून घ्यायची. आत बारा चालतात आणि बाहेर एक चालत नाही, हा कुठला न्याय? तिने विचारलंच. कारकून म्हणाला, "अटी मी लिहीत नाही बाई, मी नुसत्या वाचतो." तिने सही ठोकली आणि बाहेर पडली.

मास्टर हे काही तिचं नाव नव्हे. शिवणाच्या धंद्यात कापड बेतणाऱ्याला मास्टर म्हणतात, आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या शिवणकारखान्यात ती एकटी बाई मास्टर होती. बाकीचे मास्टर पुरुष. ते खडूने चार रेघा मारून, दोनदा पुसून मग कापणारे. ही नुसतं कापडाकडे बघायची आणि कात्री चालवायची, आणि वीतभर कापड वाया जायचं नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हेही खरं.

त्या कारखान्याच्या मालकाला काम बघायच्या निमित्ताने काज-बटणांच्या पोरींच्या पाठीवर हात ठेवायची खोड होती. सगळ्यांना ठाऊक, सगळे मूग गिळून गप्प. एका दुपारी तो हात एका पोरीच्या पाठीवरून खाली सरकला आणि तिची सुई कापडात थांबली. मास्टर म्हणाली, "हात काढा." मालक हसला. चालत हिच्या टेबलापाशी आला, तोच हात तिच्या कापडावर पसरून ठेवला आणि म्हणाला, "नाही काढला तर काय करशील?" मग तिने काय केलं ते सगळ्या शहराला माहीत आहे. कात्री हातातून आरपार टेबलाच्या लाकडात गेली आणि काढायला दोन माणसं लागली.

सात वर्षांची शिक्षा झाली. ती पोर साक्षीला आलीच नाही, तिच्या घरच्यांनी रातोरात गाव सोडलं. मास्टरने तिला कधी दोष दिला नाही. पाच वर्षं वागणूक चांगली राहिली, साठ बायकांना शिवण शिकवलं, म्हणून पॅरोल मिळाला. त्या अर्जात एक प्रश्न होता, 'झाल्या प्रकाराचा पश्चात्ताप वाटतो का?' हिने लिहिलं, 'कात्रीचा वाटतो. चांगली होती, मुद्देमालात गेली.' तरी सोडलं. बहुतेक कुणी वाचलंच नसावं.

अटींप्रमाणे राहायचं होतं हमीदाराच्या घरी. हमीदार म्हणजे धाकटा भाऊ. आई-वडील गेल्यावर त्याला हिनेच वाढवलं, शिकवलं, कचेरीत चिकटवलं. माणूस वाईट नाही, पण भित्रा. दार वाजलं तरी आधी खिडकीतून बघणारा. हिच्या शिक्षेच्या काळात त्याचं लग्न झालं, त्यामुळे भावजयीला मास्टरने पहिल्यांदा पाहिलं ते सुटून आली त्या दिवशीच. बाई कमी बोलायची. पहिल्याच सकाळी तिने घरातल्या सुऱ्या आणि कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"वन्सं, राग मानू नका," ती म्हणाली. "यांनी सांगितलंय."

"मी कशाला रागावू? भाजी तू चिर, मी निवडते."

पण भावाचं तेवढ्यावर भागेना. संध्याकाळी सातच्या आत घरात ही अट होती, तर हा सहापासून जिन्यात उभा. ती बाजारात कुणाशी बोलली तरी हा त्याचं नाव-गाव विचारायचा. "ताई, माझ्या सहीवर तू बाहेर आहेस," हे वाक्य तो दिवसातून तीनदा म्हणायचा. मास्टर एकदा म्हणाली, "अरे, तुझ्या शाळेच्या दाखल्यावर सही कुणाची होती? मी कधी बोलून दाखवलं?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दर सोमवारी हजेरी. देखरेखीच्या मॅडमच्या टेबलावर फायलींची अशी चळत की समोरच्याला मॅडमचं फक्त कपाळ दिसायचं. चौथी अट अशी, की नव्वद दिवसांत नियमित काम दाखवायचं, नाही तर परत आत.

"मॅडम, मला येतं ते एकच काम. कात्रीची तेवढी परवानगी द्या."

"तुमच्या निकालपत्रात कात्रीला हत्यार म्हटलंय. मला ते खोडता येत नाही."

"मग काम कसं दाखवू?"

"दुसरं काही करा. धुणीभांडी, झाडलोट. कामाला काय कमी आहे?"

भावानेही तेच धरलं. त्याच्या साहेबांच्या घरी बाई हवी होती, काम केल्याचं महिन्याचं पत्रही ते देणार होते. "पडती बाजू आहे ताई, पदरी पडलं ते पवित्र मानावं."

"भांडी घासण्यात कमीपणा नाही," मास्टर म्हणाली. "पण माझा हुन्नर माझ्याकडून काढून घेऊन वर मला फडकं देणार असाल, तर ते फडकं मी धरणार नाही. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये माणसाने."

वाट भावजयीने काढली. शेजारच्या गल्लीतली लॉजवाली चाळीस चादरी आणि ऐंशी उशांचे अभ्रे शिवायला कुणी मिळतंय का बघत होती. भावजय तिला थेट घरी घेऊन आली. स्वतःचं शिलाई मशीन पलंगाखालून ओढून पुसून ठेवलं. कापडाचा तागा आला, तशी तिने कमरेची किल्ली काढली.

"वन्सं, मी कापून देऊ का?"

"नको. कपाट उघडूच नकोस. उद्या कुणी विचारलं तर तुझ्या तोंडी खोटं नको आणि माझ्या हाताजवळ कात्री नको."

मास्टरने कापडाची कड वितीने मोजली, बोटाने धागा धरला, दातांनी कडेला बारीकसा चावा घेतला आणि दोन्ही हातांनी ओढलं. चर्र! कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं, एका धाग्याचाही फरक नाही. सुती कापड धाग्यावरून सरळच फाटतं, हे जुन्या शिंप्यांना ठाऊक असतं. कात्री आल्यापासून ते विसरलेत, एवढंच. भावजयीने तोंडावर हात ठेवला. मग खुदकन हसली. मास्टरने तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

चार दिवस घरात चर्र चर्र चाललं. खालच्या मजल्यावरची म्हातारी वर येऊन विचारून गेली, "बाई, रोज एवढं काय फाडताय? कुणावर राग आहे?"

"पुष्कळांवर आहे आजी. पण सध्या चादरीच फाडतेय."

चादरी झाल्या, अभ्रे झाले. मग लॉजवरचा हमाल आला, त्याला सदरा हवा होता. आता चादर म्हणजे चार सरळ कडा. सदऱ्याला गळा लागतो, बगल लागते, खांद्याची गोलाई लागते, आणि गोल काही फाडता येत नाही. दोन दिवस मास्टर जमिनीवर कापड पसरून नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने सगळा सदरा चौकोनांतच बेतला. पाठ-पोटाला लांब पट्टा, बाह्यांना दोन आखूड. बगलेत हात अडू नये म्हणून एक चौकोनी कळी तिरकी बसवली. गळ्याला मधोमध फाडून दोन्ही कोपरे आत दुमडले आणि वरून टीप मारली. धागे दातांनी तोडले. हमालाने घातला, दोन्ही हात वर केले, डोक्यावर ओझं घेतल्यासारखे, आणि म्हणाला, "अहो, हा कुठंच ओढत नाही!"

झालं. रंगारी आले, गवंडी आले, दवाखान्यातल्या आया आल्या. लोक टोमणे मारायचे ते मारतच होते. "दातांनी बेतणारी शिंपीण पाहिलीत का?" म्हणायचे. पण असं म्हणणाऱ्यानेच पुढच्या आठवड्यात माप दिलं. सातव्या अटीला कुठेही धक्का न लावता मास्टर पुन्हा मास्टर झाली, आणि ते तिला मनातून फार आवडलं होतं. कुणाच्या मेहरबानीवर नव्हतं ना!

सत्तराव्या दिवशी मॅडम न सांगता घरी आल्या. कपाट, पेट्या, मशीनचा खण, गादीखाली, सगळं पाहिलं. कुलपातली घरची कात्री सोडली तर दुसरी नाही, आणि किल्ली भावजयीच्या कमरेला. मास्टरने त्यांच्यासमोर दोन हात कापड फाडून दाखवलं. मॅडमने कड उचलून डोळ्यांजवळ धरली.

"माझ्या खिडकीच्या पडद्यांना असं करून द्याल का?" एवढं बोलून त्या थांबल्या, कारण असं विचारायची त्यांना परवानगी नसावी. मग म्हणाल्या, "सातवी अट शिथिल करायची शिफारस मी पाठवते. मात्र जखमी इसमाची हरकत आहे का, ते विचारावं लागतं."

जखमी इसमाचं उत्तर नव्वदाव्या दिवशी आलं. त्या दिवशी तपासणी होती आणि हमीदाराने हजर राहायचं होतं. भावासोबत भावजयही आली. मॅडमने कागद वाचला. मालकाची हरकत नव्हती. फक्त मास्टरने एका ओळीवर सही करायची होती, 'सदर मालकांनी माझ्याशी किंवा कारखान्यातील कोणत्याही मुलीशी कधीही गैरवर्तन केले नाही.' त्याला म्हणे शाळांच्या गणवेशांचं मोठं काम मिळायचं होतं आणि लोक अजून जुनं उकरून काढत होते.

"सही केलीत तर आजपासून कात्री चालेल," मॅडम म्हणाल्या.

मास्टरने कागद उलटा फिरवून त्यांच्याकडे सरकवला. "अकरा अटींत हे कुठे आहे?"

"अटीत नाही. ही तुमची मर्जी."

"मग माझी मर्जी नाही."

"ताई!" भाऊ उठून उभा राहिला. "एक ओळ आहे! त्याची माणसं परवा माझ्या कचेरीत येऊन गेली. हात दाखवून अवलक्षण किती वेळा करून घेशील? तू सही करणार नसशील तर मी माझी हमी काढून घेतो. मॅडम, लिहून घ्या."

मॅडमने पेन खाली ठेवलं. "हमी काढली तर यांना आजच परत पाठवावं लागेल. दोन वर्षं उरलीत."

खोटं कशाला बोला, मास्टरने तो कागद पुन्हा एकदा स्वतःकडे ओढला. दोन वर्षं म्हणजे काय ते तिच्याइतकं तिथे कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या ओळीवर सही करायची म्हणजे त्या पोरीची सुई थांबलीच नव्हती असं म्हणायचं.

"काढून घे," ती भावाला म्हणाली. "तू भितोस यात तुझा दोष नाही. मीच तुला फार सांभाळून वाढवलं. मॅडम, गाडी बोलवा."

"मॅडम, हमीदार बाईमाणूस चालतो का?"

हे भावजय बोलली. दारापाशी उभी होती ती टेबलापर्यंत आली.

"अठरा पूर्ण आणि त्याच पत्त्यावर राहणारी कुणीही चालते," मॅडम म्हणाल्या.

"मग माझी सही घ्या."

"तू मध्ये पडू नकोस," भाऊ म्हणाला.

"तुम्ही बाजूला झालात ना? मग मला पुढे येऊ द्या." तिने मॅडमकडे पाहिलं. "यांनी नव्वद दिवसांत एकही अट मोडली नाही. मी घरातच असते, मी बघितलंय. कुठे करायची सही?"

मॅडमने तिला नीट न्याहाळलं, खणातून नवीन फॉर्म काढला आणि बोट ठेवून जागा दाखवली. मालकाचा कागद फायलीत गेला, 'सही करण्यास नकार' असा शेरा मारून. सातवी अट होती तिथेच राहिली.

बाहेर आल्यावर भाऊ कुणाकडे न बघता पुढे निघून गेला. दोघी मागून चालत राहिल्या. बरंच अंतर गेल्यावर मास्टर म्हणाली, "अगं, नवऱ्याच्या विरोधात जाऊन सही केलीस. कशाला एवढं ओढवून घेतलंस माझ्यासाठी?"

"तुमच्या एकटीसाठी नाही केलं, वन्सं." भावजय समोर बघत चालत होती. "तुमच्या आधी, तुम्ही तिथे लागण्याच्या वर्षभर आधी, मी त्या कारखान्यात आठ महिने काजं करायचे. यांना माहीत नाही. माझ्या आईलासुद्धा माहीत नाही. मी नुसतं काम सोडलं आणि घरी सांगितलं, डोळे दुखतात."

मास्टर थांबली. तीही थांबली.

"कुठला हात होता त्याचा?" भावजयीने विचारलं.

"उजवा."

"बरं केलंत," ती म्हणाली.

वकिलाने विचारलं होतं का केलंस, न्यायाधीशाने विचारलं, भावाने तर शंभरदा विचारलं. बरं केलंस असं पाच वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मास्टर रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता मोठमोठ्याने रडली. भावजय शेजारी उभी राहिली, आणि कुणी थांबून बघायला लागलं की त्याला म्हणायची, "काय बघताय? चला पुढे."