साडूभाऊंच्या काळ्या शेवया

गिऱ्हाईक आल्यापेक्षा गिऱ्हाईक हाकलल्याचा ज्याला जास्त आनंद होतो, असा दुकानदार अख्ख्या तापीकाठाने एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. माझे हे साडूभाऊ वीस वर्षं बँकॉकला एका म्हाताऱ्या जपानी माणसाच्या खानावळीत कामाला होते. म्हातारा वारला, खानावळ बंद पडली, आणि साडूभाऊ एक रुंद पात्याची सुरी, एक हातभर लांब लाटणं आणि त्या म्हाताऱ्याचा सगळा खडूसपणा घेऊन शहाद्याला परतले. एसटी स्टँडच्या थोडं पुढे, पंक्चरवाल्याच्या शेजारी त्यांनी पत्र्याची टपरी टाकली. चार स्टुलं, गॅसची एक शेगडी आणि बाहेर पाटी : 'जपानी-थाई शेवया मिळतील. मंचुरियन विचारू नये.'

शेवया कुट्टूच्या. कुट्टू म्हणजे उत्तरेकडे उपासाला चालतं ते काळपट पीठ. साडूभाऊ ते सुरतेहून मागवत. या पिठाला चिकटपणा नावालाही नाही. मळताना पाणी चमचाभर इकडेतिकडे झालं की शेवईचा चुरा होतो. साडूभाऊ मात्र देवपूजेला बसल्यासारखे परातीपुढे बसत, पोळी लाटून तिच्या घड्या घालत आणि सुरीने दोऱ्यासारख्या शेवया कापत. त्यावर गवती चहा, नारळाचं दूध आणि आपल्याकडच्या शेंगदाण्याचा रस्सा. शेवया वाडग्यात पडल्या की लगेच खायच्या, फोनवर बोलायचं नाही, आणि भुरके मारताना लाजायचं नाही, हे कायदे. एकदा एक नवविवाहित जोडपं तोंड मिटून, शिस्तीत खात होतं. साडूभाऊ गरजले, "आवाज करा ना! मयतमा जेवाले बठेल शेतस का?" पोरगी बिचारी ठसका लागून उठली. एक पुढारी गाडीतून न उतरताच चार पार्सलं मागू लागले, तर त्यांना ऐकवलं, "पार्सल मढानं व्हस, शेवयासनं नही. खाले उतरा, बठा, खा." पुढारी गेले ते गेलेच. साडूभाऊ आठवडाभर खुशीत होते.

माझी शाळा सकाळची. दुपारी सुटलो की त्या दिवसाचं पहिलं वाडगं माझ्यापुढे यायचं. हाताची घडी घालून ते समोर उभे राहत. "मास्तर, खरं सांगा." वह्या तपासून तपासून माझी नजर चुका काढण्यातच मुरलेली. रस्सा अळणी आहे म्हटलं की ते भडकत, स्वतः चाखून पाहत, मला दोन शिव्या हासडत आणि मग निमूट मीठ घालत. "गावमा तुम्हे एकच शेतस," ते म्हणत, "ज्यासले चांगलं म्हनाले जड जास." पाच वर्षांत मी एकदाही 'उत्तम' म्हटलं नाही. तेवढ्यासाठीच त्यांनी मला धरून ठेवलं असावं.

त्यांच्या गालात कायम तंबाखू असे. जिभेच्या कडेला फोड आला, तो त्यांनी कित्येक महिने लपवला. "रस्साना चटका बसना," एवढंच सांगत. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, शेवटी हट्टाने नाशिकला घेऊन गेली. अर्धी जीभ काढावी लागली, मग किरणांचा उपचार. परत आले तेव्हा माणूस निम्मा झाला होता. बोलणं रिकाम्या माठात घुमल्यासारखं, एक शब्द कळत नव्हता. चव तर गेलीच.

टपरी आता संपली, असं आम्ही धरून चाललो. त्यांनी आठव्या दिवशी उघडली. हात शाबूत होते. शिव्यांच्या जागी आता रश्शाचा डाव पातेल्यावर आपटत. गिऱ्हाईक उलट वाढलं, कारण लोकांना दया येत होती, आणि त्या दयेने ते जास्त चिडत. रस्सा नजरेने आणि आठवणीने करत आणि पहिलं वाडगं माझ्यापुढे ठेवत. अक्का एकदा हळूच म्हणाली, "आते तुम्हेच त्यासनी जीभ शेतस, मास्तर." मी मान हलवली आणि वाडगं पुढे ओढलं.

पुढे फाल्गुनात एके दिवशी सकाळीच अक्काचा फोन आला. दुखणं उलटलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या दुपारी मी टपरीत गेलो. साडूभाऊंच्या गळ्याची हाडं वर आली होती, तोंडाला रुमाल, हाताची घडी तशीच. शेवयांचे तुकडे झालेले. रस्सा तोंडात घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं, इतका खारट. मीठ दोनदा पडलं असावं. मी सगळं वाडगं संपवलं आणि म्हणालो, "उत्तम झालंय. आज नाव ठेवायला जागा नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग दुसरं वाडगं भरून त्यांनी पंक्चरवाल्याला नेऊन दिलं. त्याने पहिला घोट तिथेच थुंकला. "अरे बाप! समुद्रनं पानी टाकं का काय?" साडूभाऊंनी पातेलं गटारीत ओतलं, सुरी पुसून फडक्यात गुंडाळली आणि टपरीला कुलूप लावलं. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

शरमेने मी दोन आठवडे त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. शेवटी अक्काचाच फोन आला. "तुम्हे येत काब नहीत? ते रोज दारकडे दखतस." गेलो. ते खाटेवर होते, नाकात नळी. समोर परात आणि पिठाचा डबा मांडलेला. त्यांनी बोटाने मला खाली बसायची खूण केली. मी मळायला घेतलं. पाणी जास्त झालं, मनगटावर चापट बसली. लाटणं वाकडं धरलं, पुन्हा चापट. कापलेल्या शेवया अक्काने उकळत्या पाण्यात सोडल्या, तर त्यांची पार खळ झाली. मी चमचाभर तोंडात घातलं. साडूभाऊंनी भुवया उंचावल्या.

"भिकार," मी म्हणालो. "कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही."

त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरलो. अक्का धावत आली. पण ते हसत होते, आवाज नाही, नुसतं डोळ्यांतून पाणी. हसता हसता त्यांनी पिठाचा डबा पायाने पुन्हा माझ्याकडे सरकवला.

तशा दहा-बारा दुपारी मिळाल्या. शेवटच्या दुपारी माझ्या हातून वीतभर लांबीच्या दोन-चार शेवया न तुटता निघाल्या. साडूभाऊंनी त्यातली एक बोटावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि अलगद अक्काच्या तळहातावर ठेवली. अक्काने मूठ मिटली नाही. शेवई मोडू नये म्हणून ती तशीच, हात पुढे धरून, त्यांच्याजवळ बसून राहिली.