आईचा चेहरा सोडून सगळं

विनू गेला तेव्हा मी काटोलला सासरी होते आणि संत्र्याच्या बागेत पाणी सोडायला न आलेल्या माणसावर फोनवर ओरडत होते. मधेच सुषमाचा, म्हणजे विनूच्या बायकोचा, फोन यायला लागला. दोनदा कापला, तिसऱ्यांदा उचलला. "ताई, हे गेले जी..." एवढंच ती बोलली. माझा धाकटा भाऊ, अठ्ठावन्न वर्षांचा, सकाळचा चहा अर्धा पिऊन झाला होता, हार्ट अटॅकने बसल्या जागी गेला. अशा वेळी म्हणे डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीन वर्षं मी त्याच्याशी भांडण धरून बसले होते आणि हा शहाणा ते अर्धवट टाकून चालता झाला. आता भांडायचं कोणाशी?

महिनाभराने नागपुरातल्या फोटोग्राफर मंडळींनी शोकसभा घेतली. एकेक जण उठून सांगत होता की, लोक वाघासाठी जंगलं पालथी घालतात, पण विनायकरावांना सगळं जग अंगणात सापडलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो आला. भेगाळलेल्या दोन टाचा, माणसाएवढ्या मोठ्या. टाळ्या पडल्या. मी उठले आणि बाहेर गेले. लोकांना वाटलं, बहिणीला रडू आवरलं नाही. रडू कसलं... त्या टाचा माझ्या आईच्या होत्या.

विनू एका कॉलेजात क्लार्क होता आणि फोटोग्राफी हा त्याचा नाद. आमचं घर लकडगंजात, लाकूड कापणाऱ्या आरा गिरण्यांच्या मागच्या गल्लीत, तीन खोल्यांचं. त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. घरापासून शंभर पावलं, त्यापुढे कॅमेरा न्यायचा नाही. पावलं मोजून त्याने एका खांबावर खडूने खूणसुद्धा केली होती. खोटं कशाला बोलू, त्याला नजर होती. गिरणीबाहेरच्या भुश्शाच्या ढिगावर उमटलेली शेळीची पावलं, उन्हाळा संपल्यावर कूलरमधून काढून भिंतीला टेकवलेल्या वाळ्याच्या काळ्या पडलेल्या ताट्या, नळाखाली नंबर लावून ठेवलेले हंडे. लग्न होईपर्यंत मी त्याच नळावर पाणी भरलं, मला तिथे कधी भांडणाशिवाय काही दिसलं नव्हतं. पण नियमाचा माज किती असावा! बागेत बहार फुटला की मी दरवर्षी बोलवायचे, ये, फोटो काढ. त्याचं उत्तर ठरलेलं, "ताई, तुह्या बगीच्यात तर आंधळाबी चांगला फोटो काढते. मले घरीच बहुत काम आहे." माझ्या मुलीच्या लग्नात हा रिकाम्या हातांनी आला. मामा फोटोग्राफर आणि लग्नाचे फोटो भाड्याच्या माणसाने काढले.

शंभर पावलांच्या आत त्याला सगळ्यात हक्काची सापडलेली वस्तू म्हणजे आई. वस्तूच म्हणते मी. ती सुपात गहू पाखडायला लागली की हा धावत यायचा, "थांब आई, ऊन सरकू दे." मग सत्तरीतली बाई सूप तसंच धरून उभी. तिचा चहा गार व्हायचा, हात भरून यायचे. एकदा मी माहेरी गेले असताना हा तमाशा पाहिला आणि ओरडले, "काहून गा, तिले उन्हात उभी करून मारतं का?" तर आईच माझ्यावर डाफरली, "राहू दे वं! त्याचं काम चालू आहे." दोघं एक व्हायची आणि मी पाहुणी. त्याचाही राग मी अजून गिळलेला नाही.

त्याचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हा आई ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली. फोटो आपलेच आहेत हे तिला ठाऊक होतं, विनूनेच सांगितलं होतं. ती एकेका फ्रेमपुढे थांबायची आणि पुढे सरकायची. कणीक मळणारे हात होते, बांगड्या होत्या, भिंतीवरची पाठमोरी सावली होती. पूर्ण हॉल फिरून झाल्यावर तिने त्याला विचारलं, "मी कुठी आहो गा?" त्याने टाचा दाखवल्या. शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका त्याच फोटोपुढे हळहळत होत्या. आईने साडी खाली ओढली, पावलं झाकली. "काहून, माहं तोंड पाहण्यासारखं नाही का?" विनू हसला. म्हणाला, "तोंड तर कोणीबी काढते, आई." त्या दिवसापासून आई पायात मोजे घालू लागली. नागपूरच्या मे महिन्यात, घरात, मोजे! विनूला ते कधी दिसलं की नाही कोण जाणे.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. मी विनूला म्हटलं, काढ एक चांगला. तो कॉम्प्युटरपुढे बसून राहिला आणि मान न वळवता म्हणाला, "समोरून एकही नाही." हजारो फोटो आणि तोंड एकाही फोटोत नाही! शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. त्यात आई पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. पंगत बसली होती, नातेवाईक जेवत होते, आणि मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "आईचे पाय विकून नाव कमावलं तू." त्याने वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं आणि भाताचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे गेला. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोललो.

शोकसभेनंतर आठवड्याने सुषमाने मला बोलावून घेतलं. त्याच्या खोलीतला कॉम्प्युटर सुरू करून तिने 'बाद' नावाचा फोल्डर उघडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. त्यात आई होती. समोरून. पदर सारखा करून बसलेली, ओट्याशी वळून बघणारी, शेवटच्या दुखण्यात उशीला टेकलेली. त्रेचाळीस फोटो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्यापासून लपवले याने! पण मी एकेक मोठा करून पाहू लागले तेव्हा लक्षात आलं, एकही नीट नव्हता. सगळे हललेले. मागची बादली, खिडकीचा गज, सगळं पुसट, आणि आईचा चेहरा तर पाण्यात पाहावा तसा. अंधाऱ्या खोलीत श्वास रोखून फोटो काढणारा हा माणूस. त्याचा हात कधी हलला नव्हता.

"आई कॅमेऱ्यात पाहात अन् विचारत, जेवला का गा?" सुषमा म्हणाली. "तेवढं विचारलं की त्यायचा हात थरथरे. मंग कॅमेरा ठेवून देत. दुसऱ्या दिवशी पुन्हा."

"मंग मले काहून नाही सांगितलं वं?"

"लाज वाटे जी त्यायले."

मला काय वाटलं ते सांगते. आधी बरं वाटलं, जिरली एकदाची, असं. मग शेवटच्या फोटोवरची तारीख पाहिली. आई जायच्या चार दिवस आधीची होती. म्हणजे अगदी शेवटपर्यंत तो खटपट करत होता, आणि तेरवीच्या पंगतीत मी जे बोलले ते ऐकून घेऊन भात वाढत गेला. एक शब्द बोलला असता तर... पण नाही बोलला. मी काय मारणार होते त्याला? माझा राग गेलेला नाही. त्याला मी माफही केलेलं नाही. फक्त आता राग पूर्वीसारखा जोरात येत नाही.

त्यातला एक फोटो मी इथल्या स्टुडिओत मोठा करायला दिला. तो पोरगा नको म्हणत होता, हात हललाय काकू, मोठा केला तर आणखी पुसट होईल. मी म्हटलं, तू कर. काटोलच्या घरात देवघराच्या भिंतीवर आता तोच लावला आहे, आधार कार्डवाला काढून टाकला. जवळ गेलं तर नुसते डाग दिसतात, नाक कुठे आणि डोळे कुठे कळत नाही. पण दारातून पाहिलं तर ती आईच आहे, काहीतरी विचारत असलेली. म्हणून मी आत जात नाही. सकाळी दारातच उभी राहते, तिथूनच हात जोडते, आणि "जेवली मी," म्हणून सांगते.