चार नंबरचं मशीन बंद होतं

भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकते त्या फक्त हसण्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून मला कोणी देवभोळी समजायला नको. आमच्या जूचंद्र गावात अमक्याच्या अंगात आलं, तमक्याला खाडीवर कोणीतरी हाक मारली, असल्या बातम्या रोजच्याच. मी लगेच विचारणार – वेळ काय होती? अजून कोणी पाहिलं? आई वैतागून म्हणायची, "तुज्याशी बोलन्यापरास भिंतीशी बोललेला बरा."

माझं कामच तसं आहे. कारखान्यातलं मशीन खरंच किती चाललं आणि किती वेळ नुसतं उभं राहिलं, हे मोजणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी विकते. मी जागेवर जाऊन ते बसवते. आकड्यांवर माझा विश्वास, बाकी कशावर फारसा नाही.

तर... वसई पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं बनवणारी सहा मशिन्स. दार लावलं, साचा मिटला, प्लास्टिक आत गेलं, थंड झालं, साचा उघडला, ऑपरेटरने झाकण काढून पुन्हा दार लावलं – ही झाली एक सायकल. मोटरच्या वायरभोवती मी एक छोटा सेन्सर चिमट्यासारखा अडकवते. साचा मिटताना मोटर जास्त करंट खेचते, आणि करंट किती अँपियरच्या वर गेला की एक सायकल धरायची तो आकडा मी ठरवते. त्याला आम्ही थ्रेशोल्ड म्हणतो. सुरुवातीला एकही सायकल निसटू नये म्हणून मी तो मुद्दाम कमी ठेवते, दोन. सगळं सुरळीत दिसलं की नऊ करते. एवढं एक लक्षात ठेवा, बाकी मशीनचं काही कळलं नाही तरी चालेल.

चार नंबरच्या मशीनवर माझे बाबा होते. लहानपणापासून मिठागरात राबले, मग या गाळ्यात आले ते बावीस वर्षं इथेच. त्यांनीच शेठच्या कानावर घातलं म्हणून हे काम आम्हाला मिळालं. मी सेन्सर लावायला आले त्या दिवशी अख्ख्या गाळ्यात सांगत फिरत होते, "माजी पोरगी मशीनला घड्याल बांधनार हाय."

बाबांची सायकल अडतीस सेकंदांची. घड्याळ लावून घ्यावं इतकी पक्की. पण दर सहावं झाकण ते खिडकीकडे धरून बघायचे, कडेला कुठे प्लास्टिकचा काटा राहिलाय का म्हणून. बाकीचे शंभरात एखादं बघत असतील. त्यामुळे बाबांची दर सहावी सायकल पंचेचाळीस सेकंदांची. ग्राफवर पाच ठेंगण्या रेघा आणि एक उंच. नाव झाकून दाखवला असता तरी मी तो ग्राफ ओळखला असता.

मंगळवारी सकाळी, सेन्सर लावल्याच्या तिसऱ्या दिवशी, बाबा हळू पडायला लागले. चाळीस. बेचाळीस. चव्वेचाळीस. मी शेजारीच लॅपटॉप घेऊन उभी होते. म्हटलं, "काय हो बाबा, मला सगळं दिसतंय हं. शेठ म्हणतील पोरीसमोर आराम चाललाय." ते हसले. अर्ध्याच तोंडाने हसले, आणि मला वाटलं वेडावतायत.

"डावा हात आज आयकत नाय गो," ते म्हणाले.

"अजून दहा काढा, मला नमुना हवाय. मग चहा घ्या," मी म्हटलं.

हो, मी म्हटलं. स्वतःच्या बापाला. सत्तेचाळीस... एक्कावन्न... आणि मग रेघच आली नाही. मी स्क्रीनकडे बघत होते, त्यामुळे बाबा पडलेले मला आधी ग्राफवर दिसले आणि मग जमिनीवर. सुपरवायझर फ्रान्सिस अंकल धावत येऊन त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

मेंदूत रक्ताची गुठळी. एव्हरशाईन सिटीच्या बाजूच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, औषध दिलंय, पण शुद्धीवर येतात की नाही ते आता दोन दिवसांत कळेल. जितका उशीर होईल तितकी आशा कमी. आई आमच्या डोंगरावरच्या देवीला नवस बोलत बसली. मी बाहेरच्या स्टीलच्या बाकावर बसून एकच हिशेब करत होते – चाळीस झाली तेव्हाच थांबवलं असतं तर? बेचाळीसला थांबवलं असतं तर?

बुधवारी सकाळी मोबाईलवर डॅशबोर्ड उघडला तोही त्यासाठीच. नेमका कोणत्या मिनिटाला हात अडखळायला लागला ते मला बघायचं होतं. स्वतःलाच चटके द्यायचे, दुसरं काय.

चार नंबर चालू दाखवत होतं.

अडतीस. अडतीस. अडतीस. अडतीस. अडतीस. पंचेचाळीस.

मी फ्रान्सिस अंकलना फोन लावला. "चारवर कोणाला बसवलंय?"

"कोणाला बसवणार बाय? कालपासून मेन स्विच खाली आहे. साचापण उतरवून ठेवलाय," ते म्हणाले, आणि दोन मिनिटांत फोटो पाठवला. मशीनचं तोंड रिकामं, स्विच खाली. तो फोटो बघत असतानाच वरती नोटिफिकेशन आलं. चार नंबर, आणखी एक.

करंट बघितला तर अगदी पुसट, दोनच्या जेमतेम वर. माझ्यातली इंजिनिअर लगेच म्हणाली, शेजारच्या मशीनचा नॉइज, म्हणजे वायरीत शिरलेला भलताच सिग्नल आहे, थ्रेशोल्ड नऊ कर, विषय संपव. पण नॉइज काही दर सहावं झाकण खिडकीकडे धरून बघत नाही.

दुपारी आईला सांगून रिक्षाने गाळ्यावर गेले. चार नंबरसमोर उभी राहिले. बाकीची पाच मशिन्स खडखडत होती, हे गप्प. हात लावून पाहिला, थंडगार. मोबाईल दुसऱ्या हातात, आणि त्यात सायकली वाढत होत्या.

फ्रान्सिस अंकलनी माझ्या खांद्यावरून ते पाहिलं. वसईतल्या होळी गावात त्यांची भाजीची वाडी आहे, सकाळी वाडीत पाणी लावून मग ड्युटीवर येणारा माणूस, कशाला घाबरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सेन्सर ज्यात लावला होता त्या पॅनेलचं झाकण त्यांनी उघडलं. "हे काढतो मी. चांगलं नाही हे."

मी त्यांचा हात धरला. धरला म्हणजे चक्क नखं रुतवली.

"नका काढू अंकल."

"तुला काय वाटतंय, काय आहे हे?"

"मला काही वाटत नाही. फक्त हात लावू नका. प्लीज."

त्यांनी पॅनेलचं झाकण लावलं, छातीवर क्रूस केला आणि बाकीच्या पोरांना ओरडून सांगितलं की चार नंबरच्या आसपास कोणी फिरकायचं नाही.

आता खरं सांगायचं तर मला काय वाटत होतं ते मला पक्कं माहीत होतं. ती सायकल चालू आहे तोवर बाबा आहेत. बस्स. आईच्या नवसाला हसणारी मी, मोबाईलमधल्या आकड्यापुढे हात जोडून बसले होते. संध्याकाळी आमच्या ऑफिसातून केदार सरांचा फोन आला. शेठनी त्यांना विचारलं होतं की बंद मशीन झाकणं कशी काढतंय. "थ्रेशोल्ड राहिलाय बहुतेक तुझा. लॉगिन करून नऊ कर ना," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, नको. मी बघते नंतर, पण आज नको." त्यांना वाटलं मी दमलेय. बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी सायकल हळू पडायला लागली.

एकोणचाळीस. एक्केचाळीस. चव्वेचाळीस. हे मी बघितलेलं होतं हो! याच्या शेवटी काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. आत जाऊन डॉक्टरांना विचारलं तर म्हणे अजून प्रतिसाद नाही, आता मनाची तयारी ठेवा. बाहेर येऊन बाकावर बसले आणि प्रत्येक सायकलीला पुटपुटायला लागले. बाबा, थांबू नका. बाबा, अजून एक. एवढी काढा, मग पुढची. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. सत्तेचाळीस. बाबा, तुम्हाला माझी शपथ आहे...

तीनच्या सुमाराला पुन्हा केदार सर. "शेठ चिडलेत गं. दोन दिवसांत हजारोंनी खोटी झाकणं दिसतायत."

"सर, पाया पडते तुमच्या. तो आकडा बदलू नका."

ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "तू काहीच करू नकोस. मी इथून सर्व्हरवरून करतो. तू फक्त बाबांकडे बघ." बिचाऱ्याने मदत म्हणूनच केलं. मी "सर, सर" म्हणून ओरडत होते तोवर फोन ठेवलेला होता.

एक्कावन्न. एक्कावन्न. त्रेपन्न.

मग काहीच नाही. मी साठपर्यंत मोजलं. शंभरपर्यंत मोजलं. रिफ्रेश केलं. चार नंबर – बंद.

आयसीयूचं दार उघडलं. नर्सने बाहेर डोकं काढून हाक मारली, "पेशंट पाटील, कोणाचे? लवकर या." माझ्याने उठवेना. आई धावली. मी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून खाली बघत बसले, कारण आतून आईचा हंबरडा आला तर तो मला ऐकायचा नव्हता. मीच मारलं त्यांना, आधी दहा सायकली मागून आणि आता तो आकडा सांभाळता आला नाही म्हणून... हेच डोक्यात.

कोणीतरी माझे हात कानांवरून ओढून काढले. आई होती. रडत होती आणि हसत होती.

"अगो, डोले उघडले! पानी मागतान!"

नर्सच्या कागदावर डोळे उघडल्याची वेळ तीन वीस लिहिली होती. केदार सरांनी थ्रेशोल्ड बदलल्याची नोंद सर्व्हरवर तीन एकोणीसची आहे. मी दोन्ही स्वतः पाहिल्यात.

त्यानंतर मी सगळा डेटा पुन्हा पुन्हा तपासला. केदार सर म्हणाले, जुना डेटा परत परत पाठवला गेला असेल. तसं असतं तर आकडे हुबेहूब जुनेच आले असते. हे नवे होते, गुरुवारचा सावकाशपणा आधी कुठेच नोंदलेला नव्हता. दुसरं म्हणणं शेजारच्या मशीनचा नॉइज. शेजारचं मशीन रोज संध्याकाळी बंद व्हायचं, चार नंबरच्या सायकली रात्रभर चालू होत्या. तोच सेन्सर मी नंतर पाच नंबरला लावला, थ्रेशोल्ड पुन्हा दोन करून. आठवडाभर एकही चुकीची सायकल आली नाही. फ्रान्सिस अंकल त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मी विषय काढला की मशीनला तेल द्यायला निघून जातात.

बाबा घरी आले. डावा हात अजून उचलत नाही, बोलणं जड आहे, पण माणसं ओळखतात, आईशी भांडतात. पंधरा दिवसांनी ओट्यावर त्यांना भात भरवत होते. न राहवून विचारलं, "बाबा, ते दोन दिवस काही आठवतं तुम्हाला?"

त्यांनी घास गिळला.

"मशीनवं व्हतो," ते म्हणाले. "झाकना काय संपंनात. हात भरून आले... पाय भरून आले. दोनदा स्विच पाडाला गेलो. दोनदा मना कोनीतरी परत फिरवला."

"कोणी?"

"दिसला नाय. कोनी सुट्टीच देईना गो."

त्यांनी मान फिरवली, भात नको म्हणाले आणि तिथेच टेकून झोपले. मी ताटली हातात धरून बसून राहिले. दोनदा. एकदा मी फ्रान्सिस अंकलचा हात धरला होता, आणि एकदा केदार सरांना आज नको म्हटलं होतं.

तुमच्यापैकी कोणी या लाइनमधलं असेल आणि याचं साधं, सरळ, वायरिंगमधलं उत्तर देऊ शकत असेल, तर खरंच द्या. मी वाद घालणार नाही. मला ते उत्तर हवंय, कारण आत्ता माझ्याकडे जे आहे त्याच्यासोबत मला बाबांच्या नजरेला नजर देता येत नाही. रोज त्यांना भरवते, व्यायाम करून घेते, हाताला तेल चोळते. ते म्हणतात, पोरीने वाचवलं मला. मी खाली बघून तेल चोळत राहते. दोन दिवस त्यांना घरी यायचं होतं, आणि सोडत नव्हते ती मी.