पायडलं निघेनात

मला सायकल येत नाही, हे मी चौतीस वर्षं बायकोपासून लपवून ठेवलं होतं. यात लपवण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण मी पुण्याचा आहे, आणि तेही दूधवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे सायकलवर असायचे त्या काळातल्या पुण्याचा. लहानपणी कुणी शिकवली नाही, मोठेपणी विचारायची लाज वाटली, आणि लग्न झाल्यावर सांगायची वेळ निघून गेली. पुढे नोकरीमुळे कलकत्त्याला आलो आणि माझी चंगळच झाली. पुण्याचा म्हटल्यावर ऑफिसातले बंगाली सहकारी हमखास सायकलचा विषय काढायचे, आणि टायरमध्ये हवा किती असावी यावर मी बिनधास्त ठोकून द्यायचो. एकाने तर माझ्या सल्ल्याने सायकल विकत घेतली. ती चांगली निघाली, त्यामुळे माझा भाव आणखी वाढला.

निवृत्त झालो आणि पंचाईत झाली. बायको वाईची, सातव्या वर्षापासून सायकल हाकणारी. मुलीला सायकल तिनेच शिकवली. मी फोटो काढले. तिने स्वतःसाठी नवी सायकल आणली आणि जाहीर केलं की येत्या बुधवारपासून रोज सकाळी सहाला आपण दोघांनी फिरायला निघायचं. माझ्यासाठी मुलीची जुनी सायकल होतीच. मुलगी बंगळूरला गेल्यापासून सात वर्षं ती डमडमच्या आमच्या इमारतीत जिन्याखाली उभी होती. मी ‘वा’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

मोबाइलवर शोधल्यावर एक बाबा सापडला. त्याचं म्हणणं, मोठ्या माणसांनी आधी दोन्ही पायडलं काढून टाकावीत, सीट खाली घ्यावी आणि बसल्या बसल्या पायांनी जमीन ढकलत जावं. एका दुपारीत तोल येतो. मी इतका हुरळलो की त्याच संध्याकाळी पंधरा नंबरचा पाना आणि गंज सोडवायचं तेल घेऊन आलो. बायकोला सांगितलं, सायकलची सर्व्हिसिंग मी स्वतः करणार.

दोन दिवस ती दुपारची आडवी झाली की मी जिन्याखाली जायचो. पायडलं ढिम्म हलेनात. तेल ओतलं, हातोडीने ठोकलं, पान्याला लांब पाइप अडकवून त्यावर लोंबकळलो. उजवं निदान कुरकुरायचं. डावं मात्र जितका जोर लावावा तितकं आणखी घट्ट बसायचं. तळमजल्यावरच्या बौदी, म्हणजे वहिनी, सत्तरीला टेकलेल्या निवृत्त शिक्षिका, खिडकीतून हे बघायच्या आणि पुण्याची माणसं सायकलीला किती जपतात म्हणून कौतुक करायच्या. मी घाम पुसत मान डोलवायचो.

मंगळवारी हात टेकले आणि मेट्रोच्या पुलाखालच्या सायकल मिस्त्रीकडे गेलो, तर नेमकी विश्वकर्मा पूजा. आभाळभर पतंग, रिक्षा स्टँडवर कानठळ्या बसवणारी गाणी, आणि मिस्त्रीचे सगळे पाने आणि पकडी कुंकू लावून देवापुढे ओळीने मांडलेल्या. आज हत्यारांना हात लावायचा नाही, उद्या दहाला या, असं त्याने प्रेमाने सांगितलं. सहालाच माझं बिंग फुटणार, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने माझ्या हातात द्रोणभर खिचडी ठेवली. मी ती सगळी खात घरी आलो. ती फार छान लागली.

जिन्याखाली बायको उभी होती, हातात माझा पाना, नजर ठोकून ठोकून ओरखडलेल्या पायडलांवर. सर्व्हिसिंगला पायडलं कशाला काढायची, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आज पूजा आहे, इथे आज हत्यारं वापरत नाहीत. त्यावर ती म्हणाली की आपली शस्त्रपूजा दसऱ्याला, तेव्हा आज आपल्याला मोकळीक आहे, विषय बदलू नका. मी आणखी एक थाप शोधली, पण सापडेना.

“मला सायकल येत नाही,” मी म्हणालो. “कधीच येत नव्हती.”

तिने पाना पायरीवर ठेवला.

“मग लग्नानंतर मामाची सायकल तुम्ही बाजारातून हातात धरून आणलीत ती? पंक्चर आहे म्हणालात.”

“नव्हती.”

“मामा दोन तास ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता हो.”

ती रागावली होती, खरोखर रागावली होती. आणि मग मामाची आठवण येऊन तिला हसू फुटलं, ते इतकं की पायरीवर बसावं लागलं. मीही बसलो. साठी उलटलेली दोन माणसं जिन्याखाली डोळे पुसत बसली होती.

मग तिने साडी खोचली. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, पाना मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही सुटतात, हे तिला वाईला असल्यापासून ठाऊक होतं. मी दोन दिवस डावं पायडल इमानेइतबारे आवळत होतो. तिने मला सायकल घट्ट धरायला सांगितलं आणि पाइपावर पाय दिला. कट्कन आवाज झाला, मी सायकलसकट भिंतीवर आपटलो, आणि डावं सुटलं. पाठोपाठ उजवंही. दोन्ही हातांत दोन पायडलं घेऊन मी जिन्याखालीच नाचलो.

सीट खाली करून आम्ही गल्लीत आलो. मी बदकासारखा पाय मारत निघालो तेवढ्यात बौदी फाटकाशी आल्या आणि पायडलं कुठे गेली म्हणून विचारू लागल्या. बायको चटकन मला सावरून घ्यायला म्हणाली की दुरुस्तीला दिलीत. चौतीस वर्षं मी तिला फसवलं, आणि आता ती माझ्यासाठी खोटं बोलत होती. मला ते सहन झालं नाही.

“बौदी, आमि साइकेल चालाते पारि ना,” मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो. मला येत नाही. शिकतोय.

बोललो आणि इतकं हलकं वाटलं की मी दोन्ही पाय वर उचलले. सायकल पडली नाही. विजेच्या खांबापर्यंत गेली, आणि मी तिच्यावर होतो.

वळून परत आलो तर बौदी चपला काढून, पदर कमरेला बांधून रस्त्यात उभ्या होत्या. पायडलं आज लावू नका, असं त्यांनी माझ्या बायकोला बजावलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “आमाकेओ केउ शेखायनि, दादा.” मलाही कुणी शिकवली नाही.

मी उतरलो, त्यांना बसवलं, मागून सीट धरली, आणि दहा मिनिटांच्या अनुभवावर आयुष्यात पहिल्यांदा सायकलबद्दल खरं ते सांगायला लागलो.